ताई भिंतीकडे तोंड करून बसायच्या

तोरणमाळच्या घाटात माझ्यासारखी जीप चालवणारा दुसरा कोणी नाही. शोभाताई गेल्याचा फोन आला, मी ‘बरं’ म्हणून तो खिशात टाकला, गाडी सुरू केली आणि आमच्या ब्राह्मणपुरीच्या सपाट रस्त्यावर थेट गुरांच्या हौदाला नेऊन धडकवली. म्हशी पाजणारी म्हातारी ओरडली, “दिखत नही का तुले, भिका?” मी गाडी मागं घेतली. भिकाला उत्तर सुचलं नाही, म्हणून म्हातारीच घाबरली… त्याला आता महिना होत आला.

मी शाळेत गेलो तो मास्तरांची सायकल पुसायला. त्यामुळे मी बोलतोय आणि पुतणी लिहून घेतेय. ताई नाशिकच्या, मनाच्या दुखण्यांवर बोलायचं शिकलेल्या. एका संस्थेकडून त्या डोंगरातल्या पाड्यांवर जायच्या आणि गाडी माझी असायची. त्यांना तिथली पावरी बोली येत नव्हती, मला प्रवाशांशी भांडून भांडून आलेली. म्हणून मी ड्रायव्हरचा दुभाषाही झालो. पगार एकच, पण रुबाब दोघांचा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, “ताई, तुम्ही औषध देत नाही, मंत्र मारत नाही, मग करता काय?” त्या म्हणाल्या, “ऐकते. माणूस म्हणजे काही तुमचं इंजिन नाही भिकाभाऊ, बोनेट उघडून हात घालायला. त्याची वाट त्याच्या आतच असते. आपण फक्त सोबत बसायचं, त्याला नावं न ठेवता.” मी म्हटलं, “घाटात वाट प्रवाशालाही माहीत असते ताई, पण ब्रेक मलाच दाबावा लागतो.” त्या खूप हसल्या. मला वाटलं, काय बोललो मी! आणि पुढच्या वळणावर ते विसरूनही गेलो.

तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावर भुरीबाईचा पोरगा होता, दिल्या. वीस-बावीसचा. गुजरातमध्ये कामाला गेला आणि परत आला तो मुका होऊन. कुडाच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. बडव्यानं, म्हणजे तिथल्या भगतानं, दाणे टाकून पाहिले होते, कोंबडं कापून झालं होतं. कोणी हात धरून उठवायला गेलं की चावायचा. भुरीबाईनं पाहुण्यांसाठी खाट टाकली. खाटेवर बसलो तो मी. ताई जमिनीवर बसल्या, दिल्याच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून. तो बघत होता तीच भिंत बघत.

बऱ्याच वेळानं त्या हळूच म्हणाल्या, “विचारा त्याला, एकटं वाटतं का?” मी विचारलं. म्हणजे मी म्हटलं, “ताई म्हणतात, जेवत का नाहीस, आई रडते, लाज वाटत नाही का, लग्न करून टाक, सगळं बरं होतं. माझंच बघ, लग्नानंतर मला दुसरं कुठलं दुखणं आठवतच नाही.” भुरीबाई हसली. दिल्या भिंतीच्या आणखी जवळ सरकला.

ताई म्हणाल्या, “मी तीन शब्द बोलले. तुमचे इतके कसे झाले?”

“तेच सांगितलं ताई, जरा तिखटमीठ लावून.”

मला वाटलं आता नोकरी गेली. पण त्या माझ्याकडेही तशाच बघत होत्या, भिंतीकडे बघत होत्या तशा… शांत. म्हणाल्या, “तो गप्प आहे, ते तुम्हाला सोसत नाही ना?” असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. घाट उतरेपर्यंत मी एक चकार शब्द बोललो नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, “गाडी बिघडली का?”

पुढच्या खेपांना मी त्यांचा शब्द तेवढाच तिकडे टाकायचो आणि जीभ दातांखाली धरायचो. एक दिवस दिल्या बोलला. म्हणाला, “भिंतीत माणसं आहेत. शिव्या देतात. भाकरीत विष आहे म्हणतात.” ताई म्हणाल्या, “किती भीती वाटत असेल तुला.” मी तेवढंच सांगितलं. पोरगा ढसाढसा रडला. भुरीबाई चुलीपाशी होती, हातातलं पीठ घेऊन तशीच दारात उभी राहिली. पोराचा आवाज तिनं किती दिवसांनी ऐकला होता! मला वाटलं, ही बाई देवच आहे.

पण तो जेवेना. फासळ्या दिसायला लागल्या. त्या दिवशी ताई उठून म्हणाल्या, “मी त्याचं ऐकू शकते. भिंतीतली माणसं गप्प करणं माझ्या विद्येत नाही. त्याला डॉक्टर पाहिजे, औषध पाहिजे.” मी त्यांच्या ऐकण्याचा त्यांच्यापेक्षा मोठा भक्त झालेलो. म्हटलं, “नको ताई, अजून थोडं ऐका, होईल.” त्या म्हणाल्या, “भिकाभाऊ, ब्रेक दाबायची वेळ आहे.” हे माझंच वाक्य, हेही मला उतारावर आठवलं.

भुरीबाई कडाडली, “मग इतके दिवस नुसती बसलीस कशाला? पोरगा सुकला माझा!” मी ते जरा गोड करून सांगायला लागलो, तर ताई म्हणाल्या, “ती म्हणाली तसंच सांगा.” सांगितलं. ताईंनी मान खाली घातली. “बरोबर आहे तिचं. उशीर केला मी.” शिकलेलं माणूस असं बोलतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि दुसरं पाहिलं ते असं, की हात लावला तर चावणारा तो पोरगा आपणहून उठला, जीपमध्ये ताईंच्या शेजारी बसला आणि नंदुरबारपर्यंत त्यांच्या पदराचं टोक धरून होता.

औषधानं भिंतीतली माणसं गप्प झाली. ताई तरी जातच राहिल्या, त्या स्वतःच आजारी पडेपर्यंत.

परवा मी पाड्यावर गेलो, सांगायला. दिल्याला कसं सांगायचं, ऐकून तो पुन्हा भिंतीकडे वळला तर? तो कुंपण बांधत होता. भुरीबाईनं खाट टाकली. मी जमिनीवर बसलो, ताई बसायच्या तिथं, भिंतीकडे तोंड करून, त्यांच्यासारखा गप्प. दिल्यानं कोयता ठेवला. येऊन शेजारी बसला आणि मी बघत होतो तीच भिंत बघायला लागला.

मग भुरीबाई पावरीत बोलली. माझा एक शब्दही न घालता सांगतो:

“तू गप्प उतरलास तेव्हाच कळलं, ताई गेली. आता तिच्यासारखा बसू नको, तुला जमत नाही. रड.”