प्रतिभाताईंचा मदरबोर्ड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कोंढा गावच्या प्रतिभाताईंनाही ओळखत नाही. त्यांना ओळखणाऱ्या माणसासमोर हे बोलायची माझी हिंमत नाही.

आधी त्यांच्याबद्दल सांगतो. टाळतोय असं वाटेल. टाळतोयच थोडं. पण त्या कशा आहेत हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

घरी धानाची शेती, सासू, नवरा, म्हशी. लग्नाआधी त्या टायपिंग शिकल्या होत्या. सासरी आल्यावर घराच्या समोरच्या खोलीत त्यांनी मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सकाळी शेताच्या बांधीत चिखलात उभ्या, आणि दुपारी हातपाय धुऊन वर्गात. पहिला कॉम्प्युटर कुणाचा तरी वापरलेला. दुसरा नवा. तो भंडाऱ्याच्या माझ्या दुकानात मी जोडून दिला. मी जोडत होतो आणि त्या शेजारी बसून एकेक भाग हातात घेऊन विचारत होत्या, हे काय करते, हे कायले लागते. मला बरं वाटत होतं. शिकवायला कुणाला आवडत नाही?

काही महिन्यांत तो नवा कॉम्प्युटर बंद पडला. मुलींची परीक्षा तोंडावर. ताई कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीनं आल्या. तपासलं, तर मदरबोर्ड गेलेला. वॉरंटीत होता, दोष कंपनीचा होता. मी म्हटलं, काळजी करू नका, बदलून येईल. त्या निर्धास्त परत गेल्या.

आता त्या संध्याकाळचं.

बोर्डावर प्रोसेसर बसतो ना, त्याच्या खाली केसासारख्या बारीक पिना असतात. प्रोसेसर काढताना दोन्ही हात लागतात, लक्ष लागतं. माझ्या एका हातात फोन होता. काही महत्त्वाचं बोलत होतो का? नाही. क्रिकेट. प्रोसेसर बोटांतून निसटला आणि त्या पिनांवर कोपऱ्यानं आदळला. चिमट्यानं सरळ करायला गेलो, आणखी बिघडवल्या. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मी वर प्लास्टिकचं टोपण बसवलं आणि बोर्ड नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला पाठवून दिला.

हात निसटतो. कुणाचाही निसटतो. माझ्या कपाटात तसाच एक बोर्ड पडून होता. तो देता आला असता, परवडतही होतं. मग काहून नाही दिला? जिला मी सगळं समजावून सांगितलं होतं, तिच्यासमोर मला गबाळा दिसायचं नव्हतं. बस्, एवढंच.

नागपूरच्या काउंटरवर साठवणे म्हणून एक गृहस्थ होते. माझ्या दुकानाचा माल वर्षानुवर्षं तेच घ्यायचे. माझ्यावर भरवसा, म्हणून त्यांनी टोपण न उघडताच बोर्ड ठीक म्हणून जमा करून घेतला. आत इंजिनिअरनं उघडला तेव्हा दिसलं. उत्तर आलं: पिना वाकल्या आहेत, नुकसान ग्राहकाकडून झालं, वॉरंटी मिळणार नाही.

हे ताईंना सांगायची वेळ आली तेव्हा मी काय म्हणालो? म्हणालो, "एसटीत दणके बसले असतील, ताई."

त्यांचा चेहरा उतरला. "मांडीवर धरून आणलं होतं, भाऊ," एवढंच बोलल्या. घरी सासूनं बोल लावला, तो ऐकून घेतला. वर्ग मात्र बंद केला नाही. एका जुन्या कॉम्प्युटरवर सगळ्या मुलींच्या पाळ्या लावल्या, सकाळी चूल पेटायच्या आधीपासून. ज्यांची पाळी नसेल त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर अक्षरांच्या कळा काढून दिल्या. मुली पुठ्ठ्यावर बोटं बसवत होत्या. मी एकदा कामानं कोंढ्याला गेलो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. तिथं त्यांनी मला चहा पाजला. तेव्हा तरी बोलता आलं असतं—नाही?

नंतर त्या एकदा दुकानात आल्या. मी दुसऱ्या कुणाचा तरी कॉम्प्युटर जोडत होतो. प्रोसेसर ठेवला, वरची पट्टी दाबून खटका लावला. त्या बघत राहिल्या.

"एवढं घट्ट बसते, मंग एसटीच्या दणक्यानं आतल्या पिना कशा वाकतीन?"

मी खटका पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"वाकतेत का, भाऊ? सांगा ना."

"नाही वाकत, ताई."

"मंग तुमच्या इथून गेलं तवा बरोबर होतं?"

आता विचार करा. दार एवढं उघडं कुणी ठेवतं का कुणासाठी? माझ्याकडे बघताना त्यांच्या नजरेत संशयाचा कणही नव्हता. मी म्हणालो, "एकदम बरोबर होतं."

मग त्या कंपनीशी भांडल्या. आणि काय भांडल्या! आवाज चढवला नाही, एक वाकडा शब्द काढला नाही. धानाची कामं सांभाळून पुन्हा पुन्हा नागपूरला गेल्या. काउंटरवरून मागं पाठवलं की बाकावर बसून राहायच्या. शेवटी मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. घरून निघालं तेव्हा प्रोसेसर बसलेला होता, दुकानातून निघालं तेव्हा बरोबर होतं, तुमच्या माणसानं ठीक म्हणून घेतलं, मग वाकवलं कोणी? त्यांच्या बाजूनं त्यात एकही खोटा शब्द नव्हता. खोटा होतो तो मधला मी. कंपनीनं नवा बोर्ड दिला.

त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. खरंच वाटला. माणूस किती विचित्र असतो, पाहा.

बोर्ड मिळाला, आणि ठपका साठवणेंवर आला. त्यांचा मला फोन आला. "भाऊ, पाठवताना तुमी पाहिलं होतं ना?" मी म्हटलं, मला तर ठीकच दिसलं. मग ते म्हणाले, "बरं." त्यांना कळलं होतं. पण माझं नाव त्यांनी कुणाजवळ घेतलं नाही. काउंटरवरून त्यांना काढलं, आणि थोड्याच दिवसांत ते नोकरी सोडून गेले.

त्यांच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो. ताई नाही बसल्या. त्यांना हे कळलं तशा त्या पुन्हा नागपूरला गेल्या, आपण ज्याच्याविरुद्ध भांडलो त्या माणसाला परत घ्या म्हणून सांगायला. पण तोवर साठवणे शहर सोडून गेले होते. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं.

परतताना त्या माझ्या दुकानात आल्या. थकलेल्या होत्या. मी पाणी दिलं.

"मले माणूस काढायचा नव्हता, भाऊ. मले बोर्ड पाहिजे होता. त्यानं एकदा म्हटलं असतं, ताई, माह्या हातून झालं, तर मी तशीच वापस आली असती. भांडलीच नसती मी."

आणि मी—हे सांगण्यासाठीच इतकं लिहिलं—मी मान हलवली आणि म्हणालो, "लोकं कुठं कबूल करतात, ताई."

पिना मी वाकवल्या. साठवणेंनी नाही.

त्या परीक्षेत ताईंच्या मुली पास झाल्या. वर्ग आता मोठा झाला आहे. आजही कोंढ्याहून कुणी दुकानात आलं की दारातूनच सांगतं, प्रतिभाताईनं पाठवलं, म्हणे तुमी खरे माणूस आहात. मी त्यांना बसा म्हणतो.