देवाची वाटी

लग्न ठरताना माझ्या सांगलीच्या आईला एकच गोष्ट खटकली होती. मुलाच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत, पापणीवर, पिवळे चट्टे होते. हळदीचं बोट लागून राहावं तसे. "हे काय?" तिनं विचारलं. सोयरीक घेऊन आलेले लोक हसले. "आवं, त्यो खंडोबाचा भंडारा हाय! लय नशीब लागतंय त्याला." झालं. आई गप्प बसली, आणि बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी शिराळ्याजवळच्या त्या ऊसकरी घरात सून म्हणून गेले.

भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती ज्याच्या डोळ्यांवर उतरते त्याला देवानं आपला म्हणून खूण केली, असं सगळी भावकी मानायची. माझ्या सासऱ्यांना ती खूण होती, त्यांच्या थोरल्या भावालाही. आणि त्या माणसाचा मान काय, तर तूप! जत्रेच्या पंगतीत पहिलं पान त्याचं, पुरणपोळीवर देवाची वाटी त्याच्याच पानात रिती करायची. एरवीही रोज सकाळी वाटीभर कढवलेलं तूप त्यानं प्यायचं. दुष्काळात सगळा मुलूख रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होता, तेव्हासुद्धा आमच्याकडं ती वाटी चुकली नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, स्वतः कोरडं खाऊन ती भरायच्या. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

मग एक दिवस हे पाण्याच्या पाटावरून चालत आले आणि उंबऱ्यातच बसले. छातीवर पोतं ठेवल्यागत वाटतंय म्हणाले. अंगाला दरदरून घाम. पस्तिशीसुद्धा उलटली नव्हती ह्यांची. आत्याबाई म्हणाल्या, वारं भरलंय, शेक देऊ. मी हट्टाला पेटले आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना एसटीत घालून सांगलीला, माहेरच्या जुन्या डॉक्टरांकडं घेऊन गेले.

डॉक्टरांनी नळी कानाला लावायच्या आधी ह्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. मग चपला काढायला लावल्या आणि टाचेच्या मागची शीर चिमटीत धरून बघितली. ती दोरखंडासारखी जाड होती. मी रोज बघायची, पण शेतकऱ्याचा पाय, असायचाच, असं वाटायचं.

"वडील आहेत?"

"न्हाईत. चाळिशीच्या आतच गेले."

"त्यांच्या डोळ्यांवर हे होतं? आणि आणखी कुणाच्या?"

"व्हय. चुलत्याच्याबी."

"ते कधी गेले?"

हे खाली वाकून चपला घालायला लागले. मला मात्र खुर्चीत बसवेना. सासरे बांधावर पडले होते, चुलते झोपेत गेले होते. घरात म्हणायचे, देवाची माणसं, देवानं नेली. कसलं काय, डोंबल!

रक्त तपासून आलं तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. डोळ्यांवर आणि टाचेच्या शिरेत साचलंय ते कोलेस्टेरॉल, आणि तेच आत काळजाच्या नळ्यांत साचतंय. ते ह्यांच्या रक्तातच जास्त, बापाकडून आलेलं. त्यावर तूप म्हणजे आगीत तेल. मी विचारलं, मग बाहेर कसं काढायचं? ते म्हणाले, लिव्हर त्याचंच पित्त करतं, पित्त आतड्यात उतरतं, आणि शरीर त्यातलं बरंचसं पुन्हा शोषून घेतं. थोडंच बाहेर पडतं. आतड्यात जंतू असतात, ते पित्ताची आणि कोलेस्टेरॉलची मोडतोड करतात, मग त्यातलं बरंच परत आत जात नाही. कोंड्यासकट भाकरी, हुलगे, पालेभाजी घाला, लोणी काढलेलं ताक द्या. जंतूंना खायला मिळेल, कोंड्याबरोबर पित्तही निघून जाईल.

"म्हणजे बरं होईल?" मी म्हटलं.

"बाई, हा टेकू आहे. भिंत मुळातच वाकडी आहे. काही वर्षं मिळतील कदाचित. किती, ते मला विचारू नका. कुणालाच ठाऊक नाही."

मला रडू नाही आलं, संताप आला. दोन माणसं ओळीनं जातात आणि घराला एक प्रश्न पडत नाही? घरी आल्या आल्या मी तुपाची बरणी उचलून शेजारणीला देऊन टाकली. मग काय विचारता! आत्याबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा म्हणाल्या, "देवाच्या मानसाला कोंडा घालतीस? शेरातली पोर, तुला काय कळतंय?"

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "आत्याबाई, मामंजी गेले त्या दिवशी सकाळी वाटी कुणी भरली होती?"

त्या चुलीपुढं बसल्या होत्या. जळण आत सारत म्हणाल्या, "म्याच." दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः पहाटे उठून आंबील करायला लागल्या. रात्री ताकात भिजवून आंबवलेलं नाचणीचं पीठ सकाळी शिजवायच्या आणि लेकापुढं ठेवायच्या. ती देवाची वाटी फडताळात पालथी पडली.

ह्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. उलट जेवायला बसले की म्हणायचे, "आधी तुझ्या जंतूंना वाढ गं, मी मागनं जेवतो." मी हसायची, आणि हसता हसता डोळ्यांच्या कोपऱ्यांत बघायची. रोज सकाळी चहा देताना हेच. आज जरा फिके झालेत का? वेड्यासारखी ह्यांना दारात उजेडाला उभं करायची. कधी वाटायचं, झालेत. खरं सांगते, ते चट्टे कधीच गेले नाहीत. जत्रेला भावकीच्या पंगतीत हे पहिल्या पानावर बसायचे आणि कोरडी पोळी खाऊन उठायचे. लोक माझ्याकडं बघून कुजबुजायचे.

तूप सोडल्यापासून सहाव्या हंगामात, कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाडीला बैल जुंपताना हे खाली पडले. मी धावत गेले तोवर सगळं संपलं होतं. तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. कशाचा काही उपयोग झाला नाही. आपण इतकी वर्षं कुणाशी भांडत होतो, हेच मला कळेना.

पुढच्या जत्रेला पंगत बसली तेव्हा पहिलं पान रिकामं होतं. माझा दीर, ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी धाकटा, वाढायला उभा होता. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि एकदम ओरडला, "उतरला रं! भंडारा उतरला!" लोकांनी हळद उधळली, ढोल वाजायला लागला. त्या पिवळ्या धुराळ्यात त्याला पहिल्या पानावर बसवलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात गव्हाएवढा ठिपका होता.

आत्याबाई आतून आल्या, हातात तुपाची वाटी. तीच, फडताळातली. मी पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं.

"सोड," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "माज्या मालकाला म्या तूप घातलं, त्यो गेला. तुज्या मालकाला तू कोंडा घातलास, त्योबी गेला. आता ह्याला तरी पोटभर खाऊ दे."

मी मनगट सोडलं. त्यांनी वाटी पोळीवर रिती केली. दीर माझ्याकडं बघत होता. ढोल वाजतच होता, म्हणून त्यानं मान पुढं काढून विचारलं, "वैनी, दादाला कोंड्यानं किती वर्सं जास्तीची मिळाली?"

"कुणालाच ठाऊक नाही," मी म्हटलं.

मग त्यानं पोळी मोडली आणि तुपात बुडवली.