मशीन चालू असताना ऐकलेलं कॉलेज

"मोठ्यानं बोला सायब! कॉलेज कोणतं? कॉ-ले-ज!"

माझे भाऊजी दोन्ही तळहातांचा भोंगा करून ओरडत होते. टेबलाच्या पलीकडे बसलेला उमेदवार ओठ हलवत होता. ओठ हलताना दिसत होते एवढं मी शपथेवर सांगेन, त्यापुढचं सांगणार नाही. कारण भाऊजींच्या राईस मिलचं ऑफिस आणि मशीन यांच्यामध्ये फक्त एक टिनाचा पत्रा आहे, आणि तो पत्राही मशीनच्याच बाजूचा.

मोहाडी आणि वरठीच्या मध्ये, रस्त्याला लागून ही मिल. तिच्या आवारातल्या चिमण्या चिवचिवत नाहीत, हातवारे करतात. भाऊजींच्या घरात आज इतक्या वर्षांत कोणी हळू बोललेलं मी ऐकलं नाही. माझी बहीण जेवताना "मीठ द्या" म्हणाली की शेजारीण कुंपणावरून मीठ घेऊन येते. लग्नाच्या फोटोतसुद्धा या घराण्याची सगळी माणसं तोंड उघडून उभी आहेत. दिवाळी उलटली होती, गावोगावचं धान निघालं होतं, आवारात पोत्यांची थप्पी लागली होती. अशा दिवसांत मुलाखतीसाठी मशीन बंद करणं म्हणजे वरातीत नवरदेवाला घोड्यावरून उतरवून रस्ता विचारायला पाठवणं.

मॅनेजर ठेवायचं खूळ भाऊजींच्या डोक्यात भरवलं ते मोहाडीच्या दुसऱ्या गिरणीवाल्यानं. त्यानं पुण्याच्या मोठ्या कॉलेजचा पोरगा आणून बसवला होता आणि दर आठवडी बाजारात तो वांगी निवडता निवडता सांगत फिरायचा, "आपला पोरगा पुण्याचा आहे, बरं का. चालानबी इंग्रजीत फाडते." तेव्हापासून भाऊजींना वांगी गोड लागेनात. त्यांनी फोनवरच्या सगळ्या ग्रुपांवर टाकून दिलं: राईस मिलला मॅनेजर पाहिजे, पण मोठ्याच कॉलेजचा पाहिजे, बारक्या कॉलेजवाल्यांनी पेट्रोल जाळू नये.

निवड समितीत तिघे होतो. मालक म्हणून भाऊजी. शिक्षणाचे जाणकार म्हणून गावचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाळेची घंटा हलताना दिसायची म्हणून कळायचं की सुट्टी झाली. आणि बाहेरच्या जगाचा तज्ज्ञ म्हणून मी. एकदा पुण्याला गेलो असताना मी एका फार मोठ्या कॉलेजच्या फाटकासमोर चहा प्यायलो होतो. आमच्याकडे तेवढं पुरतं.

त्या दिवशी आलेला उमेदवार मात्र उमेदवारासारखा उमेदवार होता. बूट असे चमकत होते की त्यांत मास्तरांनी आपली टोपी सारखी केली. तो वरठीच्या बाजूनं आला होता. भाऊजींनी लगेच हिशेब मांडला: वरठीकडून आला म्हणजे स्टेशनवरून आला, स्टेशनवरून आला म्हणजे रेल्वेनं आला, आणि रेल्वेनं आला म्हणजे लांबच्या कॉलेजचा. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे तो हळू बोलत होता. इतका हळू, इतका मऊ, की जणू शब्द बशीत ठेवून पुढे सरकवतोय. आपल्या भागातला पोरगा असा बोलतच नाही. आपल्याकडे गालात मारल्यासारखं "राम राम" म्हणतात.

त्याचा बायोडाटा टेबलावर होता, पण त्यावर पोह्यांच्या बशा होत्या. भाऊजी म्हणायचे, "कागद तं कोणीबी छापते. मी माणूस पाह्यतो."

माणूस पाहून झाला. भाऊजींनी तिसऱ्यांदा कॉलेज विचारलं, त्यानं तिसऱ्यांदा ओठ हलवले. भाऊजी खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी मान डोलावली. मास्तरांनी डोलावली. मग मी कशाला मागे राहू? मोठ्या कॉलेजचं नाव चौथ्यांदा विचारणं म्हणजे असलं नाव आपण जन्मात ऐकलं नाही हे कबूल करणं.

तेवढ्यात चहा घेऊन माझी भाची आली. ती त्याच मिलमध्ये दोन वर्षं बसत होती. ट्रकवाल्यांशी भांडायचं, वीज कंपनीच्या लाईनमनला गोडीत घ्यायचं, हमाल लोकांची आपसातली कुरबुर मिटवायची, हे सगळं तीच करायची. पण तिला खुर्ची नव्हती, स्टूल होतं. तिनं त्या पोराकडे पाहिलं, पोरानं तिच्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलायला गेला, पण भाऊजींनी "घ्या, चा घ्या!" अशी डरकाळी फोडली आणि विषय तिथेच संपला.

पोरगा गेल्यावर भाऊजी आम्हाला घेऊन रस्त्यापर्यंत आले, जिथे थोडंफार ऐकू येतं.

"ऐकलं ना? मुंबई म्हणे मुंबई!"

"मुंबई?" मास्तर म्हणाले. "मले तं दिल्ली ऐकू आलं जी."

मी तज्ज्ञ होतो. मी म्हणालो, "पुणं. त्याच कॉलेजपुढं मी चहा पेलो होतो."

भाऊजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "तिघायले तीन मोठे नावं ऐकू आले! म्हणजे कॉलेज तिप्पट मोठं आहे ना बे!"

नेमणूक झाली.

संध्याकाळी पंगतीला बसल्यावर भाचीनं विषय काढला. "बाबा, थे खुर्ची मले काहून नाही?"

"तुले? तू तुमसरची बी.कॉम. तुमसरचं कॉलेज का कॉलेज आहे? बसमधून उतरलं की डिग्री, अन् पुढच्या बसनं वापस!"

"दोन वर्स तं मीच पाहून राहिली ना गिरणी."

"पाहून राहिली, म्हणून तं नजर लागली!" भाऊजी आपल्याच विनोदावर इतके हसले की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग गंभीर झाले. "हे पाय बाई, होळी होऊ दे. होळी झाली की तुह्यासाठी पोरगं पाहू. कायले खुर्चीच्या मांगं लागून राहिली? लोकं विचारतीन ना, मॅनेजर कोणत्या कॉलेजची? काय सांगू मी? तुमसर?"

"म्हणजे तुमसरच्या कॉलेजचं माणूस गिरणी चालवूच शकत नाही?"

"होळीपर्यंत कोणी चालवून दाखवली ना, तं खुर्ची तुले! माह्या मिशीसकट! मंग पोरगं पाहाचं नावबी नाही काढत!"

भाचीनं हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे वळली. "मामाजी, ऐकलं ना?"

मी म्हटलं, "माय, मीच कायले, भंडाऱ्यानंबी ऐकलं." ती पुन्हा जेवायला लागली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा एक भाकर जास्त जेवली, आणि मला वाटलं, पोरगी दुःख गिळून राहिली.

आता त्या नव्या मॅनेजरबद्दल. लोकांना वाटतं मी सांगेन की तो बावळट निघाला. नाही. किंवा सांगेन की हिरा निघाला. तेही नाही. तो आपला बरा होता. सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा, ट्रकला पावती द्यायचा, अडलं की भाचीला विचारायचा. एकदा त्यानं बारीक तांदळाच्या जागी कनकीची पोती चढवली आणि सगळा तुकडा तांदूळ नागपूरच्या रस्त्याला लागला. माझ्या हातून असं झालं असतं तर भाऊजींनी मला त्याच पोत्यात शिवून पाठवलं असतं. पण ते म्हणाले, "याच्या मांगं कायतरी स्कीम असन. मोठ्या कॉलेजमंधी शिकवतेत असं."

भाची दोन वर्षांपासून सांगत होती की वजनकाटा मागच्या शेडमधून काढून फाटकाजवळ आणा, ट्रक उलटे फिरवायची कटकट वाचेल. भाऊजी म्हणायचे, "काटा आजोबानं बसवला, आजोबा येडे होते का?" नव्या मॅनेजरनं दुसऱ्या आठवड्यात तेच सांगितलं, शब्द तिचेच होते, बहुतेक तिनंच सांगितले असावेत. भाऊजींनी कपाळाला हात लावला. "अरारारा! याले म्हणते डोस्कं!" चार दिवसांत काटा फाटकाजवळ. तो पाहायला त्यांनी मोहाडीहून लोक बोलावले, काट्याला हार घातला, आणि मास्तर काट्यासमोर दोन शब्द बोलले, जे मशीनमुळे काट्यालाही ऐकू आले नाहीत.

मोठ्या कॉलेजचा एक फायदा तेव्हापासून मी मान्य केला आहे. तिथल्या माणसाचं बोलणं मशीन चालू असतानाही ऐकू येतं. बाकीच्यांना मशीन बंद व्हायची वाट पाहावी लागते.

एक गोष्ट मात्र खटकायला लागली होती. साहेबांचा आवाज वाढत चालला होता. पहिल्या आठवड्यात बशीतले शब्द, दुसऱ्यात ताटातले, महिन्याभरात तो हमालांना अशी हाक मारायचा की वरठीच्या स्टेशनवर लोक सामान उचलायचे. भाऊजींना त्याचंही कौतुक. "पाह्यलं? गिरणीत राहून सुधारला."

होळी तोंडावर आली, आणि मोहाडीचा तो दुसरा गिरणीवाला एक दिवस स्वतःच आमच्या दारात उतरला. त्याचं तोंड पडलेलं होतं. पुण्याचा पोरगा सोडून गेला होता. पोरगा चांगलाच होता, म्हणूनच गेला, त्याला याच्याहून मोठी नोकरी मिळाली. मोठ्या कॉलेजच्या पोराचं तेच असतं, तो मोहाडीला येतो तोच निघालेला असतो. आता याला दुसरा हवा होता, आणि आमचा कुठून आणला ते विचारायला आला होता.

भाऊजींच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस. त्यांनी शत्रूला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले, मला आणि मास्तरांना साक्षीला बोलावलं, मॅनेजरला हाक मारली, आणि छाती पुढे काढून ओरडले, "सायब! पाहुण्यायले सांगा, कॉलेज कोणतं!"

नेमकी त्याच क्षणी लाईट गेली.

मशीन एक लांब सुस्कारा टाकून थांबली. अशी शांतता पसरली की आवारातल्या चिमण्या घाबरून चिवचिवल्या. आणि त्या शांततेत, गिरणीत सुधारलेल्या आवाजात, आमचा मॅनेजर म्हणाला,

"तुमसरचं, जी!"

मास्तरांनासुद्धा ऐकू आलं.

मोहाडीवाल्यानं आधी भाऊजींकडे पाहिलं, मग बुटांकडे, मग पुन्हा भाऊजींकडे. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त "असं का" म्हटलं, जरा टवटवीत झाला, आणि गाडीत बसून निघून गेला.

"फसवलं बे तू मले!" भाऊजी मशीन चालू असल्यासारखेच ओरडले.

"मी तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं शेठजी. तीनदा सांगतलं."

"मंग आवाज कायले चोरून बोलत होता?"

"चोरला नव्हता जी, बसला होता. आमच्या बपेरा गावची मंडई होती ना आदल्या राती. नाटकात राक्षसाचं काम होतं मले. मरतानी लई ओरडा लागते."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, नाटकं होतात, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या जिल्ह्याचा घसा बसलेला असतो. हे आम्हा तिघांनाही जन्मापासून माहीत. पण बसलेला घसा आणि मोठं कॉलेज यांत फरक करायला त्या दिवशी कोणाचं डोकं चाललं नाही. मेलेल्या राक्षसाचा घसा आम्ही पुण्याची रीत म्हणून नेमला होता.

"अन् थे बूट?"

"वरठीच्या दोस्ताचे. थे घ्यालेच तं तिकडं गेलो होतो. वापसबी द्याचे आहेत."

भाऊजींनी आता स्टुलाकडे मोर्चा वळवला. "तुले मालूम होतं?"

भाची म्हणाली, "वर्गात होता माह्या. मांगच्या बाकावर."

"मंग बोलली काहून नाही?"

"होळी परवा आहे, बाबा."

भाऊजींचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. लग्नाच्या फोटोतलंच ते तोंड. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा मी काही ऐकलं नव्हतं असं म्हणेन या आशेनं. मी तज्ज्ञ माणूस, खोटं कसं बोलू? मी म्हटलं, "भाऊजी, मिशीसकट म्हणले होते तुम्ही."

मिशीवर आलेलं पाहून ते खुर्चीवर तोडायला तयार झाले. पोराला बपेऱ्याच्या बाजूला धानखरेदी सांभाळायला पाठवायचं ठरलं. तो खूश झाला, घर जवळ, आणि पुढच्या मंडईत त्याला राजाचं काम मिळायचं होतं. भाची स्टुलावरून उठली आणि खुर्चीत बसली. बसण्याआधी तिनं खुर्ची पुसली, एवढंच. पोरगं पाहायचं नाव कोणी काढलं नाही.

तेवढ्यात लाईट आली. हमाल बटणाजवळ जाऊन तिच्याकडे पाहत उभा राहिला. भाऊजी मात्र दारात अडकले होते. मोहाडीचा बाजार, वांगी, तो गिरणीवाला, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार.

"अवं पण बाजारात लोकायनं विचारलं, मॅनेजर कोणत्या कॉलेजची," ते ओरडले, "तं मी काय सांगू?"

तिनं समोरची पावती फाडली, ट्रकवाल्याच्या हातात दिली, आणि मान वर न करता म्हणाली, "मशीन चालू असतानी सांगा."