बरडावरची राखण

कुंताबाईच्या शेताला कुंपण नव्हतं, कुंताबाई होती. परसरामच्या घरी ती नांदायला आली त्या पावसाळ्यापासून हेच चाललं होतं. मोहाडीजवळच्या त्या गावात त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, नेमक्या आखराला लागून होत्या. आखर म्हणजे सकाळी गावची सगळी ढोरं गोळा होण्याची जागा. मधे नुसता दगडाळ बरड. बरडावर गवताची काडी नाही आणि खाली हिरवागार धान, मग ढोरांनी तरी दुसरीकडे कशाला जावं? रोवणी आटोपली की कुंताबाईने हातात काठी घ्यायची आणि मोहाच्या झाडाच्या बुडाशी जाऊन बसायचं, ते धान कापून होईपर्यंत. भाकर तिथेच, पाऊस तिथेच, अंगात ताप असला तर घोंगडं पांघरून तोही तिथेच.

राखणीचा तिला कंटाळा होताच, पण खरं दुःख मंडईचं होतं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाच-तमाशा होतो, आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. नेमका तेव्हाच धान पिकून उभा असे. लाखांदूरकडच्या माहेरी ती उन्हाळ्यात जाई, पण उन्हाळ्यातलं माहेर म्हणजे पंगत उठल्यावर जेवायला जाणं. तिची माय जनाबाई दर मंडईला दारात बसून रस्त्याकडे बघत राही. इतरांच्या लेकी येत, हिची येत नसे. उन्हाळ्यात भेट झाली की म्हातारी एवढंच म्हणे, "एक डाव मंडईले ये वो कुंते. डोळे हायेत तोवर."

आणि म्हातारीच्या डोळ्यांवर पडदा यायला सुरुवात झाली होती.

परसराम वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. "यंदा पक्कं कुंपण करतो," असं तो दर उन्हाळ्यात म्हणे आणि पावसाळा आला की विसरे. एकदा तिने फारच टुमणं लावलं तेव्हा तो हसत म्हणाला, "तू हायेस ना, मंग कुंपण कायले?" त्याला तो विनोद वाटला. कुंपणाला खर्च येतो आणि बायको घरचीच असते, एवढा त्याचा अर्थ. कुंताबाई त्या दिवशी मोहाखाली बसून पोटभर रडली आणि रडता रडता दोन गाई हाकलून आली.

तसा दोष बरडाचाही होता. वर वीतभर मुरूम, खाली काळा खडक. खणायला लोखंडी सब्बल मारली की ठिणगी उडे आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणत. वीतभर खड्ड्यात रोवलेली लाकडाची बल्ली म्हशीने एकदा पाठ घासली की आडवी. काट्यांची वई लावून पाहिली, तर निम्मी वाळवीने खाल्ली आणि निम्मी गोदावरीबाईने. शेजारची ही गोदावरीबाई दिवसाढवळ्या वईतले काटे ओढून चुलीला न्यायची.

"कुंपणानं शेत खाल्लं हे आयकलं होतं," कुंताबाई तिला म्हणाली, "तू तं कुंपणच खाल्लं!"

"वाळलंच होतं ना वो बाई," गोदावरीबाई म्हणाली आणि मोळी डोक्यावर घेऊन निघून गेली.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कुंताबाईच्या लेकीचं लग्न झालं. मांडव मारुतीच्या देवळापुढे होता, आणि तिथली फरशी खोदू कोण देणार? मांडववाल्याने तेलाचे रिकामे पिपे आणले, प्रत्येकात एक बल्ली उभी केली आणि भोवती दगड-मुरूम ठासून भरला. दुपारी वावटळ सुटली तरी मांडव जागचा हलला नाही. सगळं वऱ्हाड नवरा-नवरीकडे बघत होतं आणि नवरीची माय पिप्यांकडे.

एवढे पिपे ती आणणार कुठून? पण दगड मात्र बरडावर हवे तितके होते. खड्डा करायचाच नाही, बल्ली खडकावरच उभी करायची आणि भोवती दगडांचा चौथरा रचायचा, असं तिने ठरवलं. राखणीला बसायचंच आहे, तर हात रिकामे कशाला? त्या पावसाळ्यात तिने पहिला चौथरा रचला. चांगले चपटे दगड निवडून, त्यांची लांब बाजू बाहेर काढून, देवळाच्या ओट्यासारखा देखणा. गावातल्या ईश्वरची म्हैस आली, तिने अंग घासलं, आणि सगळा देखणेपणा कुंताबाईच्या पायावर आला. अंगठ्याचं नख गेलं. वर ढोरं धानात शिरली म्हणून परसरामने बोलणी दिली ती वेगळीच. "आता नाही होत माझ्यानं," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

मग कापणी झाली. पुंजणं, म्हणजे कापलेल्या धानाची गंजी, रचताना पेंडी लोंबीकडून आत घालतात आणि बुडखा बाहेर ठेवतात, म्हणजे वरची पेंडी खालचीला दाबून धरते. जन्मभर तिने अशी पुंजणी रचली होती. पेंडी हातात धरूनच ती थांबली. दगड आपण आडवे का लावले? तेही असेच आत घालायला हवे होते.

पुढच्या पावसाळ्यात तिने लांब दगडांची टोकं आत घातली, तोंडं बाहेर ठेवली, फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या, खाली रुंद आणि वर निमुळतं रचलं. म्हैस आली. मन भरेपर्यंत तिने पाठ खाजवून घेतली आणि निघून गेली. बल्ली उभीच होती. परसराम बांधावरून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो येनाच्या लाकडाच्या बल्ल्या खांद्यावर घेऊन आला.

त्यानंतर दोघं मिळून रचत गेली. वाचायला हे सोपं आहे. करायला पावसाळ्यामागून पावसाळे गेले. एक दगड उचलायचा, वाकून लावायचा, पाठ सरळ करायची, ढोरं कुठे आहेत ते बघायचं आणि पुन्हा वाकायचं. तिची नखं गेली, तळवे फाटले, कंबर कायमची दुखू लागली. आणि दर दिवाळीला माहेरचा निरोप यायचा, मायला आता दारातला माणूस ओळखू येत नाही.

अखेर त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी परसराम भंडाऱ्याहून काटेरी तार घेऊन आला. तारेचं वेटोळं एसटीच्या टपावरून उतरवताना त्याचा सदरा फाटला. तार ताणून झाल्यावर कुंताबाईने प्रत्येक बल्लीला अंगाचा भार देऊन पाहिलं. एकही हलली नाही.

"जाय आता मंडईले," परसराम म्हणाला.

"आन राखणीले?"

"कुंपण हाय ना, मंग तू कायले?"

बोलून गेल्यावर त्याला काय आठवलं कोण जाणे, त्याने मान खाली घातली. कुंताबाईला मात्र हसू आलं, आणि हसता हसता ती खडकावरच बसली.

मंडईच्या दिवशी दुपारी ती माहेरी पोचली. गाव नुसतं गजबजलं होतं. जनाबाई दारातच बसली होती, नेहमीसारखी, पण तिचे डोळे रस्त्यावर नव्हते, कुठेच नव्हते. कुंताबाईने तिचे हात हातात घेतले. म्हातारीने ते तळवे चाचपले आणि आपले हात ओढून घेतले.

"कोण व्हय बाप्पा? हे तं गड्याचे हात हायेत."

"मी व्हय, माय. कुंता."

म्हातारी ते तळवे पुन्हा हातात घेऊन चोळत राहिली.

भाऊ ताराचंद म्हणाला, "चाल बाई, दुकानं पाहू." कुंताबाई म्हणाली, "येतो, जराशी पाठ टेकतो." ती मायच्या खाटेवर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. ताराचंद बोलवायला आला, शेजारणी भेटायला आल्या, पोरं पिपाण्या वाजवत अंगणात शिरली. म्हातारीने काठी आपटून एकेकाला परत पाठवलं.

दिवस कलल्यावर दारावरून एक वासरू गेलं. त्याच्या गळ्यातली घंटी वाजली आणि कुंताबाई "हाड, हाड!" ओरडत खाटेवरून उठली. अंधुक उजेडात आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. मायचा हात तिच्या छातीवर आला आणि त्याने तिला हळूच खाली निजवलं.

"माय, मंडई?"

"मोडली मंडई. निज तू," म्हातारी म्हणाली. "मी हाव राखणीले."