बंबाचा धूर

कालच नातवाने पाणी तापवायच्या बंबाचं धुराडं काठीला चिंध्या बांधून लख्ख झाडलं. आज सकाळी नातसून बंब पेटवून तिथेच बसली, ओढणीने डोळे टिपत. तिची आई जाऊन महिनाही झालेला नाही.

"काय ग?"

"धूर हो, आजी."

धुराचा मागमूस नव्हता.

धुराडं दर महिन्याला झाडावं म्हणतात. नवी नवरी होते तेव्हा मी ते झाडूच द्यायची नाही. माहेरच्या आठवणीने रडायला धूर हवा ना! सासूबाई विचारायच्या, "कधी झाडायचं ग?" "पुढच्या महिन्यात." त्या निमूट निघून जायच्या. आणि मी शहाणी, लाल नाक पुसत मनात म्हणायची, काय फसवलं म्हातारीला!

मी पाट ओढून तिच्याजवळ बसले. "मेल्याने नीट झाडलेलं दिसत नाही," म्हटलं, आणि मीही डोळे पुसू लागले.