पोरींनी ठेवलेला सत्कार

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसलात तरी सांगणारच, कारण चिखलीत हा किस्सा माझ्याआधी सगळीकडे पोहोचलेला असतो आणि दर वेळी त्यात माझी आधीपेक्षा जास्त फजिती झालेली असते. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. आधी चहा घ्या.

तर मी इथल्या एका कॉलेजात खेळाचा सर. तीसेक वर्षं झाली, मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. पुढच्या वर्षी रिटायर होईन. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा चुलत भाऊ समजा. नाव मऊ आहे, चेंडू नाही. ज्यांच्या नडगीवर बसलाय त्यांना विचारा. मी सुरुवात केली तेव्हा इकडे कोणाला हा खेळ ठाऊक नव्हता. एक पालक मैदानाच्या कडेला बराच वेळ उभे राहिले आणि मग मला जवळ बोलावून म्हणाले, "सर, हे मुसळ घेऊन पोरी काय कांडून राह्यल्या?"

अशा मुलखात मी टीम उभी केली. त्या पोरी पुढे पोलिसात गेल्या, शाळेत शिक्षिका झाल्या, एक तर बँकेत साहेबीण आहे. "माझ्या पोरी, मी घडवल्या," हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणतो ते सुमनला विचारा. सुमन म्हणजे माझी बायको. तीही बरं का, टीमबरोबर असायचीच. मुली परगावी न्यायच्या तर सोबत एक बाईमाणूस लागतं. मग काय, ती यायची बरोबर. माझ्या लेखी तिचं काम एवढंच: ती येते बरोबर.

आता या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, माझे साडू दिगंबरभाऊ. सुमनच्या थोरल्या बहिणीचे यजमान, देऊळघाटला त्यांची मोठी शेती. माणूस दिलदार, पण जिभेला हाड नाही. लग्न असो की तेरवी, चार लोकांत मला हमखास विचारणार, "काय सर, इतकी वर्षं पोरी पळवल्या, कोणी कधी एखादा सत्कार-बित्कार केला का नाही तुमचा?" मी आपला हसायचो. आतून मात्र मिरची लागायची. कारण खरोखरच कोणी केला नव्हता.

आणि मग एके दिवशी वैशालीचा फोन आला. वैशाली अमडापूरची, माझी जुनी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आता पोलिसात आहे. म्हणाली, "सर, आमी जुन्या पोरींनी मिळून सत्कार ठेवला. रविवारी सकाळी, आपल्याच कॉलेजच्या हॉलमध्ये. तुमी काकूले घेऊन येजा. पण काकूले काई सांगू नोका, सरप्राइज आहे."

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? सत्कार ठेवला म्हणाली. कोणाचा ते म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. स्वतःचा सत्कार कोणाचा आहे, असं कोणी विचारतं का?

मी म्हटलं, "अगं, कशाला हे सगळं?"

"कशाले म्हंजे? आमच्यासाठी एवढं केलं, मंग आमचं काई कर्तव्य आहे का नाई?"

बघा. यातही कोणी केलं ते नव्हतं. आपली मराठी भाषा अशी आहे की कर्ता गाळला तरी वाक्य चालतं, आणि ऐकणारा जर माझ्यासारखा असेल तर त्या मोकळ्या जागी तो स्वतःलाच नेऊन बसवतो.

फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं की काकूंना साडीचा कोणता रंग आवडतो. मी मनात म्हटलं, वा, पोरी रीतीच्या आहेत, पुरुषाचा मान करायचा तर जोडप्यानं करतात. पण रंग? लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला काही सुचेना. आमच्या टीमचा टी-शर्ट निळा आहे. मी ठोकून दिलं, "निळा."

पुढचे दिवस कसे गेले म्हणून विचारू नका. शिंप्याकडे जाऊन नवं जाकीट शिवायला टाकलं. केस काळे केले, त्यात अर्धा कानही काळा झाला. सकाळी मैदानावर पोरी यायच्या आधी जाऊन भाषण पाठ करायला लागलो. भाषण नम्र पाहिजे, चेहराही नम्र पाहिजे. नम्र चेहरा कसा करतात हे आरशात बघत होतो, तेवढ्यात सुमन आली आणि काळजीनं म्हणाली, "दाढ दुखून राह्यली का?"

बरं, सत्कार आहे म्हणजे बघायला लोक हवेत. पण आपल्या तोंडानं आपला सत्कार कसा सांगायचा? म्हणून मी एकेकाला बाजूला घेऊन, "कोणाला सांगू नका," असं म्हणून सांगितलं. प्राचार्यांना सांगितलं. शिंप्याला सांगितलं. चहावाल्याला सांगितलं, म्हणजे बाजारपेठेला वेगळं सांगायची गरज उरली नाही. आणि सगळ्यात शेवटी, चांगला निवांत बसून, देऊळघाटला फोन लावला. म्हटलं, भाऊ, रविवारी सहज या इकडं, पोरींनी माझं काहीतरी ठेवलंय म्हणे.

पलीकडे जरा शांतता. मग दिगंबरभाऊ म्हणाले, "हाव का? मंग यायलेच पायजे."

ती शांतता मी अजून विसरलो नाही. काय गोड होती.

रविवारी सकाळी सुमनला म्हटलं, कॉलेजात बक्षीस समारंभ आहे, चल. ती "बरं" म्हणाली आणि तयार झाली. कसला समारंभ, कोणाला बक्षीस, मी जाकीट का घातलंय, एकही प्रश्न नाही. आमच्या घरात मी कोपऱ्यावर भाजी आणायला निघालो तरी चार प्रश्न होतात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

हॉल भरला होता. कोणी नवऱ्यासोबत, कोणी कडेवर लेकरू घेऊन, सगळ्या जुन्या पोरी आल्या होत्या. येणारी प्रत्येक जण माझ्या पाया पडायची आणि सुमनच्या गळ्यात पडायची. पाया पडणं पटकन उरकायचं, गळ्यातलं काही सुटायचं नाही. मला वाटलं, बायका-बायकांचं असतं. दिगंबरभाऊ कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध. मी त्यांच्या शेजारी बसलो, पलीकडे सुमन.

वैशाली माइकपाशी आली आणि भाषणाच्या ठेवणीतल्या मराठीत सुरू झाली. त्या काळात मुलींना चड्डी-टी-शर्टात मैदानावर कोण पाठवत होतं? तेव्हा घरोघरी जाऊन, चुलीपाशी बसून आमच्या आयांना पटवलं. मी मान डोलावली. दोन-चार घरी मीही गेलो होतो, अंगणापर्यंत. परगावी आम्हाला ताप आला तर उशाशी बसून डोकं चेपलं. मी पुन्हा मान डोलावली, पण जरा हळू. मॅचच्या आधी आमच्या वेण्या घालून दिल्या.

इथं मी थबकलो. वेण्या? मी? पण म्हटलं, भाषणात लोक अलंकारिक बोलतात.

दिगंबरभाऊंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"तर आता मी मंचावर बोलावते," वैशालीचा आवाज भरून आला, "आमच्या खऱ्या कोच, सुमनकाकूंना."

एवढंसं वाक्य. पण मी "बोलावते"ला उठलो, "आमच्या"ला पहिली पायरी चढलो, आणि "सुमनकाकू" हे शब्द कानावर आले तेव्हा मी मंचाच्या मधोमध, हारासाठी मान खाली घालून उभा होतो.

हार घेतलेली मुलगी माझ्याकडे बघतेय. मी तिच्या पायांकडे बघतोय. हॉलमध्ये टाळी वाजवायला उचललेले हात तसेच वर राहिलेले. वैशाली माइकवर हात ठेवून कुजबुजली, "सर, तुमी इकडं काऊन आले? काकू तं तिकडं बसल्या."

पळायला जागा नव्हती. खाली पहिल्या रांगेत साडू. समोर माइक. डोक्यात काहीच सुचेना, तेव्हा तोंडानं जे पाठ होतं ते आपोआप म्हणायला सुरुवात केली. माझ्या नम्र भाषणाचं पहिलं वाक्य असं होतं, "मित्रहो, खरं सांगायचं तर या सत्काराचा मानकरी मी नाही."

काय टाळ्या पडल्या, काय सांगू!

दुसरं वाक्य होतं, की माझ्यामागे जे गुपचूप उभे राहिले त्यांचा हा सन्मान आहे. पुन्हा टाळ्या. तिसरं, की मी केवळ निमित्तमात्र. पोरी डोळे पुसायला लागल्या. खोटी नम्रता म्हणून रचलेलं माझं अख्खं भाषण, शब्दन्‌शब्द खरं निघत होतं. बोलता बोलता माझाच आवाज बसला. ते नाटक नव्हतं हो. चुलीपाशी बसणारी कोण, उशाशी बसणारी कोण, हे मला त्या मंचावर, त्या अर्धवट काळ्या कानासकट उभा असताना कळत होतं. मी खाली उतरलो आणि सुमनला हाताला धरून वर घेऊन आलो.

पोरींनी तिला हार घातला, साडी दिली. साडी हिरवी होती. ती फार बोलली नाही. म्हणाली, "मले भाषण येत नाई. तुमी पोरी याच्या तं घर भरल्यासारखं वाटे. सर पुढल्या वर्षी घरी बसतीन, म्हणून येणं बंद करू नोका." एवढंच, आणि खाली उतरायला लागली, तर तिला कोणी उतरू देईना.

त्या गर्दीत वैशालीला माझी आठवण झाली. "सर, तुमी पण या," म्हणत तिनं माझ्याही खांद्यावर शाल घातली. मी दिगंबरभाऊंकडे बघून घेतलं. बघत होते.

बाहेर निघाल्यावर ते माझ्यापाशी आले. मी टोमण्याची तयारी ठेवली होती. तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "सर, मानलं. घरच्या बाईले असा मान देणारा माणूस मी पाह्यला नाई. मले वाटलं, तुमी आपला सत्कार करून घेऊन राह्यले." मी नम्र चेहरा केला. या वेळी जमला असावा.

घरी आलो. सुमननं चहा टाकला. मी खुर्चीत बसून शाल नीट करत म्हटलं, तुला तर धक्काच बसला असेल.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. पोरींनी साडी घेतली, तं ब्लाउजचं माप काय तुमाले विचारतीन?"

मी गार झालो. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? मी गावभर करून बसलो ना.

"सांगणार होती. पण तुमी इतके खुश होते, माह्यानं नाई झालं."

चहाची कपबशी माझ्या हातात देऊन ती समोर बसली. मी स्वतःचीच समजूत घालत म्हटलं, जाऊ दे, पोरींनी मलाही शाल दिली, मलाही विसरल्या नाहीत, हे काय कमी आहे?

सुमननं बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. मीच म्हणलं होतं वैशालीले. सराले पण एक शाल आणजो बाई, दिगंबरभाऊ समोर बसून राहतीन."

तर अशी आमची कारकीर्द. इतकी वर्षं टीममध्ये कोणाची निवड वशिल्यानं होऊ दिली नाही, आणि आयुष्यात मिळालेली एकुलती एक शाल बायकोच्या वशिल्यानं मिळाली.