लाल ठिपक्याचा कप

घरी जेवताना दवाखान्याचा विषय निघाला की मी पुष्कळ सांगते. पेशंटच्या गमती, मोठ्या डॉक्टरांचे नखरे, भेटीच्या वेळेत पिशवीच्या तळाशी लपवून आणलेला सावजी रस्सा — सगळं. एक गोष्ट मात्र ओठांपर्यंत येते आणि मी उठून ताटं उचलायला लागते. नवऱ्याला ती माहीत नाही, लेकीला नाही, ड्यूटीवरच्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. का — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या हाडांच्या वॉर्डात मी तेव्हा होते. वॉर्डमागे आमची एक अरुंद खोली होती, चहाची केटली तिथे. कप स्टीलचे, सगळे सारखे. उचलाउचल व्हायची, म्हणून प्रत्येकीनं आपल्या कपाला नेलपॉलिशचा ठिपका लावलेला. माझा लाल होता.

त्या वॉर्डात उमरेडच्या एक आजी आल्या. खुब्याचं हाड मोडलेलं. उभा जन्म विणकराच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेला होता. पडल्या पडल्याही बोटं हलत असायची, जणू सूत गुंडाळताहेत. सोबतीला सून, वंदना. मुलगा तिकडे खाणीत कामाला, ड्यूटी संपली की संध्याकाळी यायचा. पण खरी करमणूक या सासू-सुनेची. दोघी एकमेकींना असं बोलायच्या की शेजारच्या खाटांवरच्या बायका प्लास्टरमधले पाय विसरून हसत. मला त्या दोघी फार आवडायच्या. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळीच मी वंदनाला बजावलं होतं — आता उपाशी ठेवायचं, पाण्याचा थेंबही नाही; भुलेत उलटी झाली तर जिवावर बेततं. तिनं ते असं मनावर घेतलं की आजींचा तांब्या उचलून दुसऱ्या टोकाच्या खाटेखाली नेऊन ठेवला. सकाळ गेली. नंबर लागेना. आजींची जीभ कोरडी पडली.

"एक घोट च्या दे नं वं. मरून राहिली मी."

"आधी हाड जोडून घ्या आई, मंग मरजा. मरालेबी पायावर उभं राहा लागते."

"पाहा सिस्टर, अशी सून दुश्मनाले नको," आजी मला म्हणाल्या, आणि त्याच दमात तिला, "कवाची आखडून बसली, पाय लांब कर जरा."

वंदना स्वतःही काही घेत नव्हती. मी म्हटलं, तू तरी चहा पिऊन ये. तर म्हणाली, "आईले माह्या तोंडाचा वास येईन नं सिस्टर. राहू द्या."

दुपारकडे ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. रस्त्यावरचा मोठा अपघात आलाय, बाकीचे पेशंट बहुतेक उद्यावर जातील. बहुतेक. हा शब्द मी ऐकला होता का? ऐकला होता. आमच्या कामात असा शब्द ऐकला की उलटा फोन करून विचारायचं असतं — हे मी आज नव्या मुलींना घसा कोरडा करून शिकवते. त्या दिवशी मी विचारलं नाही.

वंदना तेव्हा खाली रक्तपेढीत गेली होती, आजींसाठी रक्ताची बाटली आणायला. मी माझ्यासाठी चहा ओतून कप हातात घेऊनच वॉर्डात आले होते. आजींनी माझ्याकडे पाहिलं — मागितलासुद्धा नाही. मी त्यांची मान उचलली आणि चहा पाजला. दूध-साखरेचा, अर्धा कप. त्यांनी डोळे मिटून घेतले. इतकं सुख मी त्या वॉर्डात फार कमी चेहऱ्यांवर पाहिलं आहे. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, मी कप तिथेच ठेवून पळाले. आणि मग — थिएटरमधून स्ट्रेचर आला. आजींचा नंबर लागला होता.

मी तिथेच बोलायला हवं होतं. स्ट्रेचर दारातून बाहेर पडेपर्यंत वेळ होता. मी चादर सारखी करत राहिले.

आत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं असणार, आणि आजींनी खरं ते सांगितलं असणार. लगेचच स्ट्रेचर परत आला, मागोमाग चिडलेले डॉक्टर. "चहा कोणी दिला?" वंदना नुकतीच बाटली घेऊन आली होती. सगळे तिच्याचकडे पाहायला लागले. "मी नाही देल्ला," ती म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही नातेवाइकांना सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं सर. कालच सांगितलं होतं."

अक्षर न् अक्षर खरं. इतकं खरं वाक्य इतक्या खोटेपणानं मी आयुष्यात पुन्हा बोलले नाही. आजी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी छताकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "मीच मांगला होता." कोणाकडे, ते त्या बोलल्या नाहीत.

पुढच्या दिवसांच्या याद्या अपघातातल्या पेशंटनी भरल्या, आजींचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं. तेवढे दिवस मोडलेल्या हाडानं पडून राहायचं, कूस बदलताना किंचाळायचं. संध्याकाळी मुलगा आला. भर वॉर्डात, पायथ्याशी उभा राहून बायकोला म्हणाला, "दोन घंटे दम नाही निंगला तुह्याच्यानं? आईले मारून टाकतं का?" वंदनानं वर पाहिलं नाही. मी चार खाटा पलीकडे सलाइन लावत होते. हात थरथरला नाही माझा. तेही सांगायला हवं.

मुलगा गेल्यावर ती आमच्या खोलीच्या दारात आली. हातात कप. घासूनपुसून लख्ख केलेला, बुडाशी लाल ठिपका.

"हा तुमचा राह्यला होता सिस्टर. आईच्या उशीमागं."

स्ट्रेचर परत आल्यावर आजींची चादर तिनं दुपारीच बदलली होती, मी पाहिलं होतं. म्हणजे कप तिला तेव्हाच सापडला. म्हणजे नवरा बोलत होता, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मी कप घेतला. म्हटलं — थँक्यू.

दुसऱ्या दिवशी मी वेणी घालून देताना आजी माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुही नोकरी हाय पोरी. तिचं काय, ते घरचीच हाय." घरचीच. म्हणून तिच्यावर ढकललं तर चालतं? मी मात्र तो शब्द औषधासारखा घेतला. तेव्हा मी कंत्राटावर होते, हे खरं. पण ते सांगायला लागले की मी पुन्हा तेच करीन — खऱ्याच्या आड लपेन.

वंदना का गप्प राहिली? कित्येक वर्षं मी मानत आले की तिचं मन मोठं. असेलही. पण तिच्या जागी बसून पाहिलं तर? अजून एक आठवडा तिच्या सासूचं इंजेक्शन, मलमपट्टी, सगळं माझ्या हातात होतं. अशा बाईशी कोण भांडेल? ती मला घाबरली असेल — हा विचार सुचला, त्या दिवसापासून मला तिच्या मोठेपणाचाही आधार उरला नाही.

त्या आठवड्यात मी आजींचं फार केलं. केस विंचरले, पाठीला पावडर लावली, कुठून कुठून उशा आणल्या. माया होती त्यात, शपथेवर सांगते. नुसतीच माया नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी जायच्या दिवशी मुलानं मला हात जोडले. "सिस्टर, तुमी होत्या म्हणून. हिच्या भरोश्यावर राह्यलो असतो त आई गेलीच असती." वंदना खाली बसून गाठोडं बांधत होती. गाठ मारताना तिचा हात क्षणभर थांबला. आणि मी — मी हसले. "काळजी घ्या आजींची," असं तिलाच वर बजावलं.

आजी आता नसतील. मुलगा अजूनही तेच समजून असेल, कधीतरी जेवताना बोलूनही दाखवत असेल.

चहा मी पाजला. वंदना तेव्हा खाली रक्ताच्या बाटलीसाठी रांगेत उभी होती, आणि सकाळपासून तिच्याही पोटात चहाचा घोट नव्हता.